डायवरचा तडा, नाण्यावरची रेघ

तडा नाण्याला जात नाही, नाणं पाडणाऱ्या पोलादी ठशाला, म्हणजे डायला जातो. नाण्यावर दिसते ती त्या तड्याची नक्कल, आणि ती नेहमी उठावाची असते. माझ्याजवळ १९९०च्या दशकातला स्टीलचा एक रुपया आहे. त्याच्या सिंहमुद्रेच्या बाजूला एका अक्षरापासून केसासारखी बारीक रेघ निघते, सिंहाच्या आयाळीवरून थोडी वाकडी होत जाते आणि पलीकडच्या कडेला मिळते. ज्यांना दाखवावी ते म्हणतात, ओरखडा आहे. मी त्यांना नख फिरवायला सांगतो. ओरखड्यात नख खाली उतरतं, या रेघेवर मात्र ते वर चढतं. नाणं पाडून झाल्यावर वापरात त्यावर धातूची वाढ होत नाही. म्हणजे ही रेघ नाणं जन्मतानाच आलेली आहे.

मी भोसरीच्या एमआयडीसीत प्रेस टूलचे डाय बनवत आलो. वॉशर, ब्रॅकेट, बिजागऱ्या, गाड्यांचे पत्र्याचे भाग, असं सगळं. हे भाग गाडीच्या पोटात जातात आणि पुन्हा कोणाच्या नजरेला पडत नाहीत. नाण्याचं तसं नाही. डाय-मेकरच्या हातचं काम देशातल्या प्रत्येक माणसाच्या हातात रोज पडतं, असं नाण्याशिवाय दुसरं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून मी नाणी भिंगाखाली धरून बघतो, आणि गेल्या तीसेक वर्षांच्या नाण्यांवर जे दिसतं त्याने मला वाईट वाटतं. ते का दिसतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी नाणं कसं पडतं ते पाहू. चित्रकाराच्या चित्रावरून मोठ्या आकाराचा, उठावाचा नमुना तयार होतो. पूर्वी तो प्लास्टरचा असे, आणि रिड्यूसिंग मशीनची एक सुई त्यावरून हळूहळू फिरत असताना दुसऱ्या टोकाचं हत्यार पोलादावर तेच चित्र नाण्याच्या मापाचं कोरत असे. आता बरंचसं काम संगणकावर आणि सीएनसीवर होतं. त्यातून निघतो मूळ पंच. पंचावर चित्र नाण्यासारखं उठावाचं असतं. हा पंच मऊ पोलादात दाबला की मूळ डाय मिळतो, त्यावर चित्र खोलगट आणि उलटं. मूळ डायवरून कामाचे पंच, कामाच्या पंचांवरून कामाचे डाय. प्रत्यक्ष नाणी पाडतात ते हे शेवटच्या पिढीतले डाय.

दाबून झाल्यावर डायला पाणी देतात. हत्याराला पाणी देणं म्हणजे पोलाद तापवून एकदम थंड करणं. त्याने ते कमालीचं कठीण होतं आणि तितकंच ठिसूळही होतं, म्हणून मग टेंपरिंग करून त्यातला ताण थोडा उतरवायचा. या दोन पायऱ्यांमध्ये डायचं आयुष्य ठरतं. पाणी कमी पडलं तर डाय बसतो, म्हणजे चित्राच्या धारा दबून बोथट होतात. जास्त पडलं तर डाय फुटतो. टूलरूममधला अनुभवी माणूस या दोन टोकांच्या मध्ये नेमकी जागा शोधत असतो.

दुसरीकडे धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. त्यांची कड किंचित उचलली जाते, भट्टीत तापवून त्या मऊ केल्या जातात, धुऊन चकचकीत होतात. मग चकती प्रेसमध्ये येते. खाली एक डाय, वर एक डाय, भोवती कॉलर नावाचं पोलादी कडं. ठोका बसतो तेव्हा थंड धातू घट्ट मळलेल्या कणकेसारखा सरकतो, डायच्या प्रत्येक खळग्यात शिरतो, बाजूला कॉलरला भिडतो. आजचे प्रेस हे काम मिनिटाला शेकड्यांनी करतात. चांगला डाय लाखाच्या वर ठोके सोसू शकतो.

आणि मग तो थकतो. तडा कुठून सुरू होईल हे आम्हाला बऱ्याचदा आधीच सांगता येतं. जिथे चित्राला टोकदार कोपरा आहे, तिथून. अक्षराची शेंडी, आकड्याचा काटकोन, कडेच्या पट्टीला भिडणारं कणसाचं टोक. या जागी ताण साठतो. म्हणून नाण्यावरच्या रेघा मोकळ्या जागेत क्वचितच सुरू होतात. एका अक्षरातून निघून दुसऱ्या अक्षराला, तिथून कडेला, असा त्यांचा प्रवास असतो. पोलादातला एखादा बारीक दोष, वरच्या आणि खालच्या डायची जुळणी नीट नसणं, चकतीशिवाय पडलेला एखादा रिकामा ठोका, यांपैकी काहीही सुरुवातीला पुरतं. रिकाम्या ठोक्यात दोन्ही डाय एकमेकांवर आदळतात. त्याची खूण अशी की नंतरच्या नाण्यांवर आकड्याच्या बाजूला सिंहमुद्रेची पुसट बाह्यरेषा उमटते. भिंगाखाली ती सापडली की हा डाय आणखी किती टिकणार, याचा अंदाज बांधता येतो.

सुरुवातीला रेघ केसासारखी असते. ठोक्यागणिक तडा रुंदावतो, रेघ जाड होते. दोन तडे कडेपाशी भेटले की मधला तुकडा डायवरून निखळतो, आणि त्या जागी नाण्यावर धातूचं आकारहीन ढेकूळ उमटतं, त्याखालचं अक्षर पार गिळून टाकणारं. असं नाणं हातात आलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: केसाची रेघ ते ढेकूळ या प्रवासात प्रेस चालूच होता, मग मध्ये कोणी पाहिलं का नाही?

आकड्यांची पोटंही बघण्यासारखी असतात. सालातल्या शून्याचं, सहाचं, आठाचं पोट नाण्यावर सपाट दिसतं. डायवर मात्र ते पोलादाचं एवढंसं बेट असतं, चहूबाजूंनी खोदलेलं, कशाचा आधार नसलेलं. ते लवकर तुटतं, आणि मग नाण्यावर शून्याचं पोट भरलेलं दिसतं. याच्या उलट प्रकार तेल आणि धातूची भुकटी साचल्याने होतो. डायवरचा खळगा भरून जातो, धातूला आत शिरायला जागा राहत नाही, आणि नाण्यावर अक्षर अर्धवट किंवा गायब होतं. नाणं वाचायला शिकायचं असेल तर एवढं लक्षात ठेवावं: डाय तुटला की नाण्यावर वाढ होते, डाय भरला की घट होते. पहिला दोष कायमचा. दुसरा, डाय पुसला की जातो.

आता मूळ मुद्द्याकडे. पूर्वीची नाणी चांगली आणि आताची वाईट, असं लोक बोलतात तेव्हा ते कामगारांच्या आळसाला किंवा कारागिरी संपल्याला दोष देतात. मला ते पटत नाही. गोष्ट धातूपासून सुरू होते.

घरात जुनी नाणी असतील तर एक चुंबक घ्या. १९८०च्या दशकातला रुपया चुंबकाला चिकटणार नाही. तो कप्रोनिकेलचा आहे, तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. १९९२पासूनचा रुपया चिकटेल, कारण तो फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, सुमारे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. पन्नास आणि पंचवीस पैसे त्याआधीच, १९८८मध्ये, स्टीलचे झाले होते. कारण उघड होतं. तांबं आणि निकेल महाग होत गेले, नाण्यातल्या धातूची किंमत नाण्यावर छापलेल्या किमतीच्या वर जाऊ लागली. आपली नाणी वितळवून बांगलादेशात दाढीची ब्लेड बनवली जातात, अशा बातम्या २००७च्या सुमारास कोलकात्याहून येत होत्या. १९९२चं पाच रुपयांचं जाडजूड नाणं ९ ग्रॅम कप्रोनिकेलचं होतं. २००७मध्ये तेच नाणं तेवढ्याच व्यासाचं पण ६ ग्रॅम स्टीलचं झालं, आणि २००९पासून पितळी रंगाचं.

अर्थशास्त्राच्या बाजूने हा निर्णय बरोबरच होता. स्टील सहसा गंजत नाही, लवकर झिजत नाही. पण डायला विचाराल तर उत्तर वेगळं मिळेल. स्टीलची चकती मऊ केली तरी कप्रोनिकेलपेक्षा बरीच टणक राहते. तिला खळग्यात शिरवायला जास्त दाब लागतो, आणि तो सगळा दाब डायच्या अंगावर येतो. आमच्याकडे तांब्याचा पत्रा सोडून स्टेनलेसची ऑर्डर आली की टूलचा दर नव्याने लावावा लागतो, कारण डाय किती टिकेल याचा हिशेबच बदलतो. टांकसाळीला त्या हिशेबातून पळवाट एकच: चित्राचा उठाव कमी करायचा. खळगे उथळ, तर दाब कमी, तर डाय जास्त दिवस टिकतो.

म्हणून आजच्या नाण्यावरचे सिंह चपटे आहेत. १९९२च्या पाच रुपयांवर आयाळीचे झुपके मोजता येतात. स्टीलच्या रुपयावर नव्या कोऱ्या नाण्यातही ते एकमेकांत मिसळलेले असतात, आणि सिंहांखालच्या चौथऱ्यावरचं चक्र भिंगाशिवाय ओळखू येत नाही. त्यात आणखी एक अडचण आहे. नाण्याच्या दोन्ही बाजूंचं सर्वांत खोल काम मध्यभागी असतं, एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला मोठा आकडा. ठोक्याच्या क्षणी दोघांनाही त्याच जागचा धातू हवा असतो. चकती पातळ असेल तर तो दोघांना पुरत नाही.

आणि चकत्या लहानही होत गेल्या. हे मला कोष्टकात मापं शेजारी ठेवल्यावर कळलं. १९९२चा एक रुपया २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचा. २०११च्या, ₹ चिन्हाच्या मालिकेतले दोन रुपये नेमक्या त्याच मापाचे आणि वजनाचे. त्याच मालिकेतला एक रुपया सुमारे २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅमचा, म्हणजे १९८८च्या पन्नास पैशांच्या अंगाचा. जुने पन्नास पैसे तेव्हा चलनात होतेच. ज्या माणसाला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला बोटांच्या टोकांवर पन्नास पैसे आणि एक रुपया वेगळे कसे करायचे? २०१९च्या मालिकेत एक रुपया २० मिलिमीटर आणि ३.०९ ग्रॅमवर आला. एवढ्याशा चकतीवर सिंहमुद्रा, ‘सत्यमेव जयते’, दोन भाषांत देशाचं नाव, आकडा, चिन्ह, साल आणि धान्याची कणसं बसवायची म्हणजे अक्षरं बारीक होणार, बारीक अक्षरांचे कोपरे टोकदार होणार, आणि तडे तिथूनच सुरू होणार.

उठाव कमी झाला की काय होतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९११मध्ये पाचव्या जॉर्जचा पहिला चांदीचा रुपया कोलकाता आणि मुंबईच्या टांकसाळींत पाडला गेला. राजाच्या झग्यावर एका मानचिन्हाची साखळी होती आणि तिच्यात छोटा हत्ती. कोरीवकाम इतकं लहान आणि उथळ उतरलं की सोंड आखूड, पाय बुटके, आणि लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसला. मुसलमान समाजात संताप उसळला. पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी ७ लाखांच्या आसपास बाजारात गेले होते. बाकीचे वितळवले गेले आणि १९१२साठी स्पष्ट सोंडेचे, मोठ्या कानांचे नवे डाय तयार झाले. नाणं परकीय राजाचं होतं, पण त्या प्रसंगातली एक गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. लोकांनी नाणं नीट पाहिलं, आणि टांकसाळीला डाय बदलावा लागला.

त्याआधीची आपली शिवराई घ्या. तांब्याची, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. हाताने ठोकलेली. खालचा ठसा ऐरणीत, वरचा ठसा कारागिराच्या हातात, मध्ये चकती, आणि हातोड्याचा घाव. डाय चकतीपेक्षा मोठा असल्याने कुठल्याच शिवराईवर बहुधा पूर्ण मजकूर सापडत नाही. कुठे ‘राजा’ अर्धा कापलेला, कुठे ‘पति’ कडेबाहेर. शिवराई पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही अनेक ठिकाणी पाडली गेली. अक्षरांचं वळण बदललं, दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई आली, आणि डाय फुटल्याच्या उठावाच्या रेघाही त्यांवर सर्रास दिसतात. पण मला ती नाणी निकृष्ट वाटत नाहीत. त्या काळी हाताने त्याहून जास्त अचूक काम करता येत नव्हतं, आणि अक्षर मात्र खोल, ठसठशीत असे. तीन शतकांच्या झिजेनंतरही ते अंगठ्याला लागतं.

आता थोडं बाजारातलं, कारण त्यात लोकांचं नुकसान होतं. तडा असलेलं नाणं खोटं नाही. वजन पूर्ण, धातू खरा, सरकारने पाडलेलं. ते चलनात चालतं. तरी मंडईत भाजीवाल्या मावशी ढेकूळ आलेलं नाणं परत करतात. ‘काका, हे नाही चालायचं, पुढे कोणी घेत नाही.’ त्यांचीही चूक नाही. दहा रुपयांच्या नाण्याचं काय झालं ते आठवा. त्यावरच्या किरणांसारख्या रेषा जुन्या नाण्यांवर पंधरा आणि ₹ चिन्हाच्या नाण्यांवर दहा, एवढ्यावरून अर्ध्या देशात अफवा पसरली. शेवटी रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८मध्ये जाहीर करावं लागलं की दहाच्या नाण्याची तोवर आलेली चौदाही रूपं वैध आहेत. ज्या देशात एकाच किमतीची चौदा रूपं फिरतात, तिथे चांगल्या आणि फुटक्या डायचा फरक सामान्य माणूस कसा ओळखणार?

दुसरी बाजू मोबाइलवरची. एखाद्या नाण्यावर रेघ दाखवून ‘हे लाखो रुपयांना जातं’ असे व्हिडिओ फिरतात. वयस्कर माणसं त्याला भुलून ‘नोंदणी शुल्क’ भरतात. अशा व्यवहारांत आपलं नाव वापरलं जातंय, सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१मध्ये दिला. माझं सांगणं स्पष्ट आहे: केसासारखी रेघ असलेल्या रुपयाची किंमत एक रुपया. मोठं ढेकूळ, मधोमध न बसलेला ठसा, एका बाजूच्या मानाने दुसरी बाजू फिरलेली, अशा नाण्यांना संग्राहक जास्त पैसे देतात, पण ते प्रत्यक्ष नाणं बघून देतात, आगाऊ पैसे मागत नाहीत. आपलं नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवलं की दोन्ही बाजू सरळ यायला हव्यात. येत नसतील तर प्रेसवर एक डाय सैल होऊन फिरला होता.

सालाखालची खूणही बघा. चौकट असेल तर नाणं मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ फोर्टात १८२९पासून आहे. याच टांकसाळी संग्राहकांसाठी प्रूफ नाणी काढतात. त्यांच्यासाठी डायला आरशासारखं पॉलिश असतं, चकती निवडक असते, ठोका सावकाश आणि एकापेक्षा जास्त वेळा बसतो. त्या नाण्यांवर आयाळीचा केस न् केस उभा असतो. म्हणजे कसब आहे. ते मखमली डबीतल्या नाण्यापर्यंत पोचतं, कंडक्टरच्या थैलीतल्या नाण्यापर्यंत पोचत नाही, याचं मला दुःख आहे.

मागणी फार, वेळ कमी, हे कारण नेहमी पुढे केलं जातं. १९९०च्या दशकात ते खरं होतं. सुट्ट्यांची इतकी चणचण होती की दुकानदार रुपयाऐवजी गोळ्या-चॉकलेट हातावर ठेवायचे, आणि परदेशी टांकसाळींकडूनही नाणी पाडून घ्यावी लागली. पण जानेवारी २०१८मध्ये चारही टांकसाळींनी चलनी नाण्यांचं काम काही काळ थांबवलं होतं, कारण गोदामांत जागा उरली नव्हती. आज भाजीची जुडीसुद्धा मोबाइलवरून घेतली जाते. गर्दी ओसरली असेल तर डाय आधी उतरवायला काय हरकत आहे?

सुधारणा होत नाहीत असंही नाही. २०१९ची मालिका अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या मदतीने आखली गेली, आणि किंमत वाढेल तसा आकार वाढेल, हे तत्त्व तिथे दृष्टिहीनांचा विचार करून पाळलं आहे. त्यातलं वीस रुपयांचं नाणं मला मनापासून आवडतं. बारा बाजू, २७ मिलिमीटर, ८.५४ ग्रॅम, बाहेरचं कडं आणि आतली चकती दोन्ही तांब्याच्या मिश्रधातूंची. धातू मऊ असल्याने अक्षर भरून येतं, कोपरे बोटाला कळतात, खिशात हात घालून न बघता ते निवडता येतं. अशा नाण्यांवर तड्याची रेघ मला क्वचितच दिसली.

एक आणि दोन रुपये तांब्याचे करा, असं मी म्हणणार नाही. त्याचा खर्च देशाला परवडणार नाही. स्टील राहू दे. पण त्या चकतीवर कमी मजकूर ठेवा, अक्षरांचे कोपरे गोलसर करा, सिंहाला थोडी जास्त खोली द्या आणि समोरचा आकडा मधून जरा बाजूला सरकवा, म्हणजे दोघांना धातू पुरेल. आणि आमच्या कारखान्यात जी साधी रीत आहे ती प्रत्येक नाण्याच्या प्रेसवर कसोशीने पाळा. डाय प्रेसवर चढला की पहिला पीस तपासायचा, पाळीत ठरावीक ठोक्यांनंतर पुन्हा तपासायचा, आणि डाय उतरवताना शेवटचा पीस तारेने त्यालाच बांधून टूलरूमला पाठवायचा. शेवटच्या पीसवर रेघ दिसली तर त्या पेटीतला माल मागे जातो. भिंग हातात असलेल्या माणसाला प्रेस बंद करण्याचा अधिकार हवा, आणि तो त्याने केसाएवढ्या पहिल्या रेघेला वापरला तर त्याला कोणी जाब विचारता कामा नये.